स्थौल्य आणि प्लीहेचे दुर्बिणीद्वारे शस्त्रकर्म

यकृत व प्लीहा ही रक्तवह स्रोतसाची मूलस्थाने होत, हे चरकमत वैद्यवर्गास सुपरिचित आहे. तथापि काही व्याधींत हीच प्लीहा काढून टाकावी लागते. औषधांना दाद न देणारी प्लेटलेट्सची न्यूनता, म्हणजे आयटीपी, हे त्याचे प्रमुख उदाहरण. दुर्बिणीद्वारे प्लीहा काढल्याचे वृत्त फ्रान्समधील शल्यविदांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केले. पुढे ही पद्धती सर्वत्र रूढ झाली.

आयटीपीच्या रुग्णांत दीर्घकाळ घेतलेल्या स्टिरॉइडमुळे वजन वाढलेले अनेकदा आढळते. अशा स्थूल रुग्णात शस्त्रकर्म कठीण होते. उदरभित्ती जाड असते, प्लीहेच्या रक्तवाहिन्या व शेजारील स्वादुपिंडाचे पुच्छ मेदाने झाकले जाते आणि उदरात वायू भरल्यावर श्वसनावर ताण येतो. त्यामुळे वेळ अधिक लागतो. प्रसंगी उदर उघडावे लागते. परंतु उघड्या शस्त्रकर्मातील मोठा व्रण स्थूल रुग्णासच अधिक बाधतो. व्रणदुष्टी, व्रणस्थानी हर्निया व श्वसनाचे उपद्रव त्यातून संभवतात. म्हणून केवळ वजनाच्या आकड्यावरून दुर्बिणीचा मार्ग नाकारणे योग्य नव्हे, असे आमचे मत आहे. प्लीहेचा आकार व शल्यविदाचा अनुभव यांचाही विचार व्हावा.

येथे वैद्य व औषधविक्रेते यांचे कर्तव्य कोणते?

शस्त्रकर्मापूर्वी रुग्णास तीव्र लंघन वा लेखन चिकित्सा देऊन दुर्बल करू नये. लसूण, गुग्गुळ इत्यादींच्या कल्पांसह चालू असलेल्या सर्व औषधांची यादी शल्यविद व भूलतज्ज्ञ यांस द्यावी. कोणते कधी थांबवावे, हे त्यांच्या विचारानेच ठरवावे. न्यूमोकोकस, मेनिंगोकोकस व हिमोफिलस इन्फ्लुएंझा टाइप बी यांच्या लसी शक्यतो किमान दोन आठवडे आधी दिलेल्या असाव्यात.

शस्त्रकर्मानंतर प्लेटलेट्स वाढतात व प्रतिहारिणी सिरेत रक्ताची गुठळी होऊ शकते. स्थौल्यानेही गुठळीची प्रवृत्ती वाढते. अशा वेळी पोटदुखी, ज्वर वा श्वासकष्ट यांस केवळ अजीर्ण समजू नये. स्थूल उदरात स्पर्शपरीक्षेने दोष सहज कळत नाही, हेही ध्यानी ठेवावे.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे प्लीहारहित रुग्णाचा ज्वर आयुष्यभर गंभीरच मानावा. काही तासांत जंतुसंसर्ग प्राणघातक ठरू शकतो. दुकानात ज्वराचे औषध मागणाऱ्यास पूर्वीच्या शस्त्रकर्माविषयी अवश्य विचारावे. प्लीहा काढलेली असल्यास पुडी बांधून न देता त्यास तत्काळ रुग्णालयात पाठवावे.