लेसर अंतरमापक हाताळताना घ्यावयाची दक्षता

लेसर अंतरमापकाने वर्गखोलीची लांबी क्षणात कळते. ही उपकरणे बहुधा द्वितीय श्रेणीची असतात; त्यांच्या तांबड्या किरणाची शक्ती १ मिलिवॅटपेक्षा अधिक नसते. उपकरणावरील चिठ्ठी वाचून श्रेणी पडताळावी. किरण अवचित डोळ्यांत गेल्यास पापणी सुमारे पाव सेकंदात मिटते व डोळा वाचतो. परंतु पैजेखातर किरणाकडे टक लावून पाहणारे मूल हे निसर्गदत्त संरक्षण गमावून बसते. म्हणून उपकरण शिक्षकांनी स्वतः धरावे आणि समोर कोणी नाही अशी खात्री करूनच कळ दाबावी. आरसा, काच वा चकचकीत भांडे यांवर किरण टाकू नये. खडबडीत भिंत निवडावी. प्रथम मुलांकडून टेपने माप घेववावे; मग दोन्ही मापे फळ्यावर लिहून ताडून पाहावीत.