जुना प्लग फेकण्यापूर्वी वाचून घ्या

कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सची पद्मिनी निघायची बंद झाल्याला पाव शतक लोटले. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यावरून तिची शेवटची काळी-पिवळी टॅक्सीही गेली. तरी आपल्या किनारपट्टीवर कोणी हौसेने, कोणी वडिलांची आठवण म्हणून ही गाडी जपतो. असे गिऱ्हाईक दारात आले की कारागिराच्या हुनराची परीक्षा होते.

आमचीच चूक सांगतो. मुरूडची एक पद्मिनी कार्ले खिंडीच्या चढावर मिसिंग मारू लागली. आम्ही चारही प्लग बदलले, जुने भंगारात टाकले आणि पैसे घेतले. आठवड्यात गाडी पुन्हा दारात! तीन नंबरचा नवा प्लग तेलाने माखलेला. तिन्ही चांगल्या प्लगांचे पैसे गिऱ्हाइकाला नाहक पडले होते. ते आम्ही परत केले, पण गेलेला भरवसा परत यायला वेळ लागला.

तेव्हापासून आमचा नियम असा. गाडी आठ-दहा किलोमीटर चालवावी, चढावर थोडा भार द्यावा आणि इंजिन तेथेच बंद करावे. बराच वेळ आयडलवर ठेवलेल्या गाडीचे प्लग काळेच दिसतात व फसवतात. पद्मिनीचे हेड ॲल्युमिनियमचे आहे. गरम हेडमधून प्लग काढल्यास आटे निघून येतात. म्हणून थंड होऊ द्यावे. मग पंख्याकडून १, २, ३, ४ असे क्रमाने प्लग मांडावेत.

आता रंग वाचावा.

तपकिरी किंवा राखाडी : इंजिन ठीक.

कोरडी काळी काजळी : पेट्रोल जास्त किंवा ठिणगी कमजोर. चोक अडकला आहे का, एअर फिल्टर चोंदला आहे का, कार्ब्युरेटर व पॉइंट तपासावेत.

ओला, तेलकट काळा : तेल वर येत आहे. रिंगा किंवा व्हॉल्व्ह गाईड झिजले.

पांढरा, फोड आलेला : उष्णता जास्त. मिक्स्चर लीन, टायमिंग ॲडव्हान्स, रेडिएटर चोंदलेला किंवा प्लगचा नंबर चुकीचा.

आतील पोर्सेलिन तडकलेले : इंजिन ठोके देत आहे, किंवा गॅप करताना दाब पडला.

चारही प्लग सारखे बिघडले तर दोष सर्वांच्या सामाईक भागात असतो. एकच बिघडला तर त्या सिलिंडरात पाहावे. तो प्लग शेजारच्याशी बदलून पाहावा. दोष प्लगबरोबर गेला तर प्लग खराब, जागेवरच राहिला तर कारण दुसरे. शेजारचे दोन बिघडले, तर मधले हेड गॅस्केट संशयित. तेलकट प्लग असल्यास कॉम्प्रेशन मोजावे, मग त्या भोकात चमचाभर तेल टाकून पुन्हा मोजावे. वाढले तर रिंगा झिजल्या. न वाढले तर व्हॉल्व्ह पाहावेत. आमच्या तीन नंबरला वाढले होते!

किनाऱ्यावर आणखी एक गोष्ट. खाऱ्या दमट हवेत प्लग चांगला असूनही पावसाळ्यात मिसिंग होते. रात्री अंधारात बॉनेट उघडून इंजिन चालू ठेवावे. वायरींवर किंवा डिस्ट्रिब्युटरच्या टोपीवर निळ्या ठिणग्या दिसल्या की गळती सापडली. बाहेरचे पोर्सेलिन कोरड्या फडक्याने पुसून घ्यावे.

२०२५ पासून पंपांवर २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल सर्वत्र आले आहे. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असल्याने जुन्या जेटवर मिक्स्चर लीन होते. प्लग पांढरट दिसू लागले तर आधी याचा विचार करावा. जुने रबरी पाइपही तपासावेत.

बसवताना गॅप गाडीच्या पुस्तकाप्रमाणे फीलर गेजने ठेवावी. प्लग हातानेच आट्यात बसवावा. नव्या वॉशरला त्यापुढे पान्याचा अर्धा फेरा पुरतो.

शेवटी व्यवहाराचे. तपासणीची मजुरी आधीच सांगून घ्यावी. ती आपल्या ज्ञानाची किंमत आहे, त्यात संकोच नको. मात्र काढलेले प्लग गिऱ्हाइकाच्या हातात द्यावेत आणि दोष दाखवावा. डोळ्यांनी पाहिलेल्या दोषाचे पैसे देताना कोणी घासाघीस करत नाही.