खोडलेलें जपून ठेवणारी वही

वहींत चूक सांपडली, कीं ती खोडून टाकावी आणि पान स्वच्छ दिसावें, अशी सर्वांचीच इच्छा असते. परंतु ज्ञानाच्या कामांत खोडलेला मजकूरहि पुष्कळदां मोलाचा ठरतो. संत एकनाथांनीं शके १५०६ (सन १५८४) मध्यें ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. एका पोथीवरून दुसरी उतरतांना निरनिराळे पाठ शिरले होते, म्हणून त्यांस हे श्रम करावे लागले. त्यांचे उपकार थोर आहेत. तथापि कोणता शब्द कोठें व कां बदलला, याची यादी आज आपल्या हातीं नाहीं. त्यामुळें जुन्या पाठाचा शोध अभ्यासकांस कष्टानें घ्यावा लागतो. उलट, मोल्स्वर्थ यांच्या मराठी-इंग्रजी कोशाच्या १८३१ व १८५७ या दोन्ही आवृत्त्या उपलब्ध असल्यामुळें त्या शेजारीं ठेवून कोश कसा वाढला, हें कोणासहि पडताळून पाहतां येतें.

हीच सोय आतां शाळेंतील मुलासहि साध्य झाली आहे. 'विकी' म्हणजे सहज दुरुस्त करतां येणारा, परस्परांशीं दुव्यांनीं जोडलेल्या पानांचा संग्रह. वॉर्ड कनिंगहॅम यांनीं १९९५ सालीं पहिली विकी चालू केली. हवाई बेटांच्या भाषेंतील या शब्दाचा अर्थ 'जलद' असा आहे. मराठी विकिपीडिया २००३ पासून चालू असून तिच्या प्रत्येक लेखाचा इतिहास वाचकास पाहतां येतो. आपल्या अभ्यासाचीं टिपणें अशाच रीतीनें ठेविलीं, म्हणजे ती वैयक्तिक विकी होय.

बदलांचा हिशेब ठेवण्यासाठीं 'गिट' नांवाचें साधन आहे. लिनस टोरवाल्ड्स यांनीं तें २००५ सालीं लिनक्सच्या कामासाठीं रचलें. टिपणें साध्या मजकुराच्या फायलींत लिहून एका फोल्डरमध्यें ठेवावीं. कांहीं बदल केला, कीं 'कमिट' करावें. म्हणजे लेखकाचें नांव, तारीख व बदलाचें कारण यांसह त्या क्षणाची नोंद होते. प्रत्येक नोंदीस साधारणतः ४० अक्षरांची खूण मिळते. ही खूण मजकुरावरूनच तयार होत असल्यामुळें जुनी नोंद गुपचूप फिरविल्यास खूणहि फिरते व लबाडी उघड होते. 'लॉग' सर्व नोंदींची यादी देतो. 'डिफ' जुन्या-नव्या ओळी समोरासमोर मांडतो. शेवटीं 'पुश' करून संग्रह गिटहबसारख्या ठिकाणीं पाठविला, कीं तेथील सोयीनें तो संकेतस्थळाच्या रूपानें प्रसिद्ध करतां येतो.

आपल्या हिंदमाता परिसराचेंच उदाहरण घेऊं. समजा, एका विद्यार्थ्यानें लिहिलें, 'नाले साफ नसतात, म्हणून येथें पाणी तुंबतें.' पुढें वाचन वाढल्यावर त्यास कळतें, कीं हा भाग बशीसारखा सखल आहे. आणि समुद्रास मोठी भरती असतां वाहिन्यांतील पाणी समुद्रांत उतरत नाहीं. तो ओळ सुधारतो व कारण लिहितो, 'भरतीचा संबंध आतां कळला.' पुढें तो आणखी एक नोंद जोडतो: २०२१ च्या सुमारास महापालिकेनें दादरचें प्रमोद महाजन कलापार्क व परळचें सेंट झेवियर मैदान येथें भूमिगत टाक्यांचें काम हातीं घेतलें, पावसाचें पाणी त्यांत सांठवून ओहोटीच्या वेळीं सोडावयाचें, ही त्यांतील कल्पना. अशा पानांत हिंदमात्याची माहिती तर मिळतेच, शिवाय एका मुलाची समज कशी वाढली, हेंहि दिसतें.

येथें पालकांस एक इशारा देणें अवश्य वाटतें. प्रसिद्ध झालेली ओळ मागाहून पुसली, तरी ती इतिहासांत तशीच राहते. म्हणून घरचा पत्ता, दूरध्वनि-क्रमांक, पासवर्ड किंवा दुसऱ्याच्या खाजगी गोष्टी या वहींत प्रथमपासूनच लिहूं नयेत. 'पुश' करण्यापूर्वीं मुलानें तें पान वडील माणसास वाचून दाखवावें, हें उत्तम.

विद्यार्थिमित्रहो, चूक सुधारणें ही विद्या आहे. परंतु ती कोणती होती व कां सुधारली, हें उघडपणें नोंदून ठेवणें हा सचोटीचा भाग आहे. या सुटींत एकच विषय घेऊन एक पान लिहा. महिन्यानें तें पुन्हां वाचा, सुधारा आणि सुधारण्याचें कारण एका ओळींत लिहून ठेवा. वर्षाअखेर त्या ओळी क्रमानें वाचल्यास आपण किती पुढें आलों, हें तुमचें तुम्हांसच कळून येईल.