शिक्षा झाली, पुढे काय?

खालच्या कोर्टात कैदेची शिक्षा झाली, तर वरच्या कोर्टात दाद मागता येते. त्याला अपील म्हणतात. सेशन कोर्टात जायला मुदत ३० दिवस, हायकोर्टात ६० दिवस. वकिलाला पैसे नसले तर? १९७८ साली महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितले, कैद्याला निकालाची नक्कल फुकट द्या, गरिबाला अपिलासाठी वकीलही द्या.

इथे कायदा शिकणारी मुले उपयोगी पडतात. ती नक्कल ओळीओळीने वाचतात. साक्षीदार काय बोलला, पंचनाम्यात काय आहे, मेळ कुठे बसत नाही, ते टिपून वकिलाला देतात. आम्हीही शाळेत मुलांकडून उतारे वाचून घेत असू. पण इथे एक ओळ सुटली, तर माणूस आत राहतो! कोर्टात बोलायचे मात्र सनद मिळाल्यावरच.

कैद्याला अपिलाचा अर्ज तुरुंगातल्या अधिकाऱ्याकडेही देता येतो.