लॅब्रॅडॉर की डॉबरमन?

बंगला बांधून झाला की घरात कुत्र्याचा विषय निघतो. मुलांना लॅब्रॅडॉर हवा असतो, वडिलांना राखणीला डॉबरमन. रक्तदाब मोजता मोजता मलाही सल्ला विचारतात. मी पशुवैद्य नव्हे. पण कुत्रा चावलेली माणसे माझ्याकडेच येतात.

डॉबरमन ही जात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जर्मनीत लुई डॉबरमन या करवसुली करणाऱ्या गृहस्थाने स्वतःच्या रक्षणासाठी तयार केली. चपळ, हुशार, मालकाशी एकनिष्ठ, परक्याबद्दल संशयी. दिवसभर साखळीला बांधला, माणसांत मिसळू दिला नाही, तर तो बिथरतो. लॅब्रॅडॉरचे पूर्वज न्यूफाउंडलंडच्या कोळ्यांचे मदतनीस. तो चोरापुढेही शेपूट हलवील! मात्र भारी खादाड; पोळी-तुपाचे लाड झाले की लठ्ठ होतो नि सांधे धरतात.

घरात लहान मूल असेल आणि कुत्र्याला शिकवायला कुणाला सवड नसेल, तर माझा कौल लॅब्रॅडॉरला. तरी तीस किलोच्या कुत्र्याने हिसका दिला तर आजोबांचे खुब्याचे हाड मोडू शकते. साखळी तरण्या माणसाच्या हाती द्यावी. दमेकऱ्याला दोन्ही जाती सारख्याच त्रासदायक.

कोणताही आणा, पिल्लू तीन महिन्यांचे होताच रेबीजची लस टोचून घ्यावी. चावलाच तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी. हळद, चुना, तिखट भरू नये. 'घरचाच आहे, लस दिलेली आहे' म्हणून बसून न राहता त्याच दिवशी दवाखाना गाठावा. पोटातली चौदा इंजेक्शने आता इतिहासजमा झाली. हल्ली ती दंडात देतात.