देवगडात फेशियल करताय? आधी आंब्याचं विचारा!

एप्रिल-मेमध्ये खुर्चीत बसलेल्या ताईंना पहिलं विचारा, "सध्या आंब्याच्या कामाला जाता का?" हापूस उतरवताना, पेट्या भरताना देठाचा चीक उडतो, त्वचा भाजते, काळा डाग पडतो. अशा चेहऱ्यावर स्क्रब, ब्लीच म्हणजे जखमेवर मीठ! त्या दिवशी फेशियल नकोच. पैसे गेले तर जाऊ देत. चट्टा ताजा असेल तर डॉक्टरांकडे पाठवा.

नाजूक त्वचेला आधी पॅच टेस्ट. क्रीम कोपराच्या आतल्या बाजूला लावा, २४ ते ४८ तास थांबा. वेगळे पैसे मागू नका, फेशियलच्या दरातच धरा. नवरी असेल तर आठवडाभर आधी बोलवा.

मग बिनवासाचं सौम्य क्लिन्झर, हलका हात, शेवटी गार पाण्याची पट्टी. वाफ टाळा. घरची कोरफड चांगली, पण कापल्यावर पिवळा चीक निथळू द्या, त्यानेही खाज सुटते. आणि लिंबू? अजिबात नाही! रस लावून उन्हात गेलं की फोड येतात.

कुणाला कशाने खाज आली, ते तारखेसकट वहीत लिहा. पुढच्या खेपेला तेच पान उघडायचं.