घरातील चित्रभांडार

ग्रंथसंग्रह असलेली घरे आपण पाहिली आहेत. चित्रसंग्रह मात्र बहुतेक घरी असतो, आणि तो आहे याची घरात कोणास जाणीव नसते. कपाटाच्या वरच्या फळीवर जुन्या व्हिडिओ कॅसेटी, खणात लग्नामुंजींच्या सीडी, बंद पडलेल्या फोनमध्ये बारशाचे चित्रण, असा तो विखुरलेला असतो. हे सर्व एके ठिकाणी आणून घरातील कोणत्याही खोलीतल्या टीव्हीवर हवे तेव्हा पाहता येईल, अशी व्यवस्था करणे आज फारसे अवघड नाही. ती कशी चालते आणि ती का करावी, याचा विचार आम्ही या पाठात करणार आहोत.

प्रथम एक परिचित उदाहरण घेऊ. १९०८ च्या महापुरानंतर मुसी नदीस आवर घालण्यासाठी सर विश्वेश्वरय्या यांच्या सल्ल्याने योजना आखण्यात आली आणि १९२० साली उस्मानसागर, म्हणजे आपला गंडीपेटचा तलाव, बांधून पूर्ण झाला. पाण्याचा साठा एके जागी, तेथून निघालेले नळ, आणि घरोघरी तोट्या, अशी ही रचना आहे. घरातील चित्रभांडाराची रचना याहून निराळी नाही. हार्ड डिस्क बसविलेला एक संगणक हा तलाव. त्यास सर्व्हर म्हणतात. राऊटर आणि त्यापासून निघणाऱ्या तारा किंवा वायफायच्या लहरी हे नळ. प्रत्येक खोलीतील टीव्ही ही तोटी. तोटी उघडली म्हणजे तलाव उचलून घरात आणावा लागत नाही. पाणी लागेल तसे येत राहते. चित्रपटाची संपूर्ण फाईल टीव्हीत उतरवून न घेता तिचे लहान लहान भाग क्रमाने पाठविणे, यासच स्ट्रीमिंग असे म्हणतात.

हैदराबादेत एका दिवसाआड नळाला पाणी येणाऱ्या वस्त्या पुष्कळ आहेत. म्हणून आपण गच्चीवर टाकी ठेवतो. टीव्हीही तेच करतो. पुढील काही सेकंदांचे चित्र तो आधीच मागवून आपल्या स्मृतीत साठवितो. या साठ्यास बफर म्हणतात. नळ क्षणभर अडला तरी टाकीवर काम चालते; टाकीही रिकामी झाली की पडद्यावर ते सुपरिचित चक्र फिरू लागते.

आता थोडे गणित करू. साधारण स्पष्टतेच्या चित्रास सेकंदाला ५ मेगाबिट माहिती लागते असे धरा. दोन तासांचे ७,२०० सेकंद. म्हणून एकूण माहिती ३६,००० मेगाबिट. आठ बिटांचा एक बाइट, तेव्हा ही माहिती ४,५०० मेगाबाइट, म्हणजे साडेचार गिगाबाइट झाली. १,००० गिगाबाइटच्या एका डिस्कवर असे सुमारे २२० चित्रपट मावतील. तीन खोल्यांत तीन निरनिराळे चित्रपट एकाच वेळी चालू असले, तरी नळातून सेकंदाला १५ मेगाबिटच जावयाचे आहेत, आणि साधी १०० मेगाबिटची तार ते सहज वाहून नेते. विशेष हे की, या सर्वांस घराबाहेरील इंटरनेट लागतच नाही. बाहेरची जोडणी तुटली तरी घरातील राऊटर चालू असेपर्यंत चित्र दिसत राहील.

प्रत्यक्ष चित्र याहून कितीतरी अधिक जागा मागते. ते संक्षेपाने लिहिल्यामुळे इतके आटोपते. सेकंदाला २५ चित्रे धरली, तर गणपतीच्या आरतीच्या चित्रणात मागची भिंत पंचविसांतही तशीच असते; हलतात ते हात आणि निरांजन. मग भिंत पुन्हा पुन्हा न लिहिता बदलले तेवढेच लिहावयाचे, हे या संक्षेपाचे मुख्य सूत्र. अशा लेखनपद्धतीस कोडेक म्हणतात. २००३ साली एच. २६४ ही पद्धती प्रमाण ठरली, २०१३ साली तिच्याहून काटकसरी एच. २६५ आली.

येथेच एक अडचण उद्भवते. प्रत्येक टीव्हीस प्रत्येक कोडेक वाचता येतो असे नाही. आमच्या घरी कोंकणी, शाळेत मराठी, बाजारात दखनी आणि तेलुगू असा व्यवहार असल्यामुळे ही अडचण आम्हांस चांगली समजते. ऐकणाऱ्यास आपली भाषा येत नसेल तर दुभाषी लागतो. सर्व्हर हे दुभाष्याचे काम करतो; चित्र चालू असतानाच ते एका कोडेकमधून दुसऱ्यात उतरवीत जातो. पण सतत बोलून दुभाषी थकावा तसा जुना संगणक या कामात तापतो, मागे पडतो आणि चित्र अडखळते. यावर सोपा उपाय असा की, सर्व टीव्हींना समजेल अशा एकाच पद्धतीत फाईली आधीच तयार करून ठेवाव्या. अशी पद्धती बहुधा एच. २६४ हीच असते.

या कामासाठी मोठा खर्च करण्याचे कारण नाही. घरातील जुना लॅपटॉप किंवा रास्पबेरी पायसारखा तळहाताएवढा संगणकही चालतो. निरनिराळ्या कंपन्यांच्या यंत्रांनी एकमेकांस ओळखावे म्हणून २००३ साली डीएलएनए ही संस्था निघाली. तिचे नियम पाळणारे टीव्ही घरातील सर्व्हर आपण होऊन शोधतात. जेलीफिन हा मुक्त आणि विनामूल्य सर्व्हर २०१८ च्या अखेरीस एम्बी या कार्यक्रमापासून वेगळा झाला. तो संग्रहाची चित्रमय सूची टीव्हीच्या पडद्यावर मांडतो. सुलतानबाजार, काचीगुडा या बाजूंच्या जुन्या दगडी घरांत मात्र एक पथ्य पाळावे. जाड भिंतीपुढे वायफाय दुबळे पडते. त्यातही ५ गिगाहर्ट्झच्या लहरी २.४ गिगाहर्ट्झच्या लहरींपेक्षा लवकर क्षीण होतात. निदान सर्व्हर तरी तारेनेच राऊटरला जोडावा.

कोणी म्हणेल, इतका खटाटोप कशास? हवा तो चित्रपट आज पैसे भरून पाहता येतो. हे खरे आहे. परंतु भाडे भरून पाहिलेले चित्र आपले नसते, कंपनीने ते काढून घेतले की संपले. आणि आजोबांच्या एकसष्टीचे चित्रण तर कोणत्याच कंपनीकडे नाही. ते आपल्या कपाटातच आहे, आणि तेथे ते दररोज थोडे थोडे नष्ट होत आहे.

ही अतिशयोक्ती नव्हे. व्हीएचएस पद्धतीची कॅसेट १९७६ साली जपानात निघाली. तिच्या फितीवरील चुंबकीय ठसा काळाबरोबर पुसट होतो, ओलाव्याने तीवर बुरशी चढते. ती वाचणारी यंत्रे बनविणाऱ्या शेवटच्या ज्ञात कंपनीने, फुनाईने, २०१६ साली ते काम थांबविले. फिल्मच्या डब्यातून शिरक्याचा उग्र वास येऊ लागला, तर फिल्म कुजू लागली असे समजावे. शिवाय तीन तासांची कॅसेट संगणकात उतरविण्यास तीन तासच लागतात. तेथे घाई चालत नाही.

राष्ट्राच्या बाबतीतही असेच घडले आहे. दादासाहेब फाळके यांचा १९१३ चा ‘राजा हरिश्चंद्र’ आज संपूर्ण उपलब्ध नाही. १९२२ साली धीरेन्द्रनाथ गांगुली यांनी आपल्या या हैदराबादेत लोटस फिल्म कंपनी काढली आणि येथे मूकपट तयार केले, हे आज आपणांस बहुधा पुस्तकांतूनच कळते. पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन होण्यास १९६४ साल उजाडावे लागले. तोपर्यंत मूकपटांचा बहुतेक ठेवा गेलेला होता. जे मोठ्या कंपन्यांस राखता आले नाही, ते कपाटातल्या कॅसेटीला आपोआप राखता येईल काय?

म्हणून प्रत्येक चित्राच्या तीन प्रती ठेवाव्या, त्या दोन प्रकारच्या साधनांवर असाव्या आणि एक प्रत दुसऱ्या घरी असावी. ऑक्टोबर २०२० च्या अतिवृष्टीत या शहरातील अनेक घरांत पाणी शिरले. अशा वेळी एकाच घरातल्या तिन्ही प्रती एकदमच भिजतील. कायद्याचेही भान हवे. घरचे चित्रण आपले स्वतःचे आहे. परंतु चित्रपटावरील स्वामित्वहक्क भारतात प्रकाशनानंतरची ६० वर्षे चालतो. तेव्हा चोरून उतरविलेल्या प्रतींनी आपले भांडार भरू नये.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट कोणतेही यंत्र करू शकत नाही. सर्व्हर चित्र दाखवील. पण पंक्तीत तिसऱ्या पाटावर बसलेली बाई कोण, हे तो सांगणार नाही. ते घरातल्या आजीला ठाऊक आहे. तिचे गुडघे दुखतात, ती दिवाणखान्यापर्यंत येत नाही. परंतु आता चित्रच तिच्या खोलीत जाऊ शकते. हैदराबादच्या जुन्या मराठी घरांतील दखनीची फोडणी दिलेली बोली, तिच्यातील हाका, म्हणी आणि विनोद या चित्रणांत जिवंत आहेत. ते कोणाचे शब्द आहेत हे सांगणारी माणसे मात्र चिरकाल असणार नाहीत.

यासाठी विद्यार्थ्यांस आमचे सांगणे आहे की, या सुटीत रोज एकच चित्र घ्यावे, ते आजीच्या खोलीत लावावे आणि वही घेऊन तिच्याजवळ बसावे. वर्ष, गाव, प्रसंग आणि डावीकडून उजवीकडे माणसांची नावे, एवढे लिहून घ्यावे आणि तेच फाईलीला नाव म्हणून द्यावे. तारा आणि डिस्का नंतरही आणता येतील. वहीचे काम मात्र आधी करावयाचे आहे.